संहितेत नसलेलं वाक्य

मंगळवार, ९ सप्टेंबर

टाचणी,

माझं अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस, म्हणजे तुझा स्वभाव अजून तसाच आहे. पत्ता मला बटणवाल्याकडून मिळाला. तू अजून त्याच्याकडूनच पोस्टानं हुक मागवतेस, हे त्यानं मी न विचारताच सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही. चिडायचं असेल तर त्याच्यावर चीड, माझ्या नावावर आधीचंच पुष्कळ असेल.

कामाचं लिहिते. त्यानं नाटक लिहिलंय. तो म्हणजे कोण हे तुला सांगायला नको. माझा नवरा, आणि चौदा महिने तुझा कोण, त्याला आपण तिघांनी कधी शब्द शोधला नाही. आता शोधायचं काम त्यानं एकट्यानं उरकलंय. नाटकाचं नाव ‘जागा आहे’. वीस वर्षं संसार केलेलं जोडपं ठरवतं, की लग्न मोडायचं नाही, पण दारं-खिडक्या जरा उघडून बघायच्या. मग त्यांच्या घरात तिसरी येते. ती चित्रकार आहे. घाबरू नकोस, शिवणकाम नाही, तेवढी लाज त्यानं राखली. पण तू तोंडात टाचण्या धरून बोलायचीस ना, तशी ती ब्रश दातात धरून बोलते. पहिल्या वाचनालाच मंडळीतल्या जुन्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी चहाच्या कपात बघितलं.

मी आपली नेहमीप्रमाणे प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत स्टूल, मांडीवर संहिता, निळा कागद लावलेला दिवा. गुडघे आता स्टुलाला कुरकुरतात, पण त्यांचं कोण ऐकतंय.

पहिला प्रयोग वीस तारखेला, शनिवारी. त्याचसाठी हे पत्र. तू येऊ नकोस. नाट्यगृह तेच आहे, मागच्या रांगांतल्या खुर्च्यांचे स्क्रू अजून टोचतात, पंख्यांच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही. शिवाय तिसरीचा अंगरखा बाहीत इतका ओढतो, की तू दुसऱ्या अंकात उठून स्टेजवर कात्री घेऊन जाशील. आणि मुख्य म्हणजे तुला समोर बघणं त्याला झेपणार नाही. तेव्हाही झेपलं नव्हतं. म्हणून तर तू घर सोडावंस, हे त्याच्या वतीनं मला तुला सांगावं लागलं, तुला ठाऊकच आहे.

दोन ओळी पाठव, म्हणजे मला कळेल.

ताई


रविवार, २८ सप्टेंबर

टाचणी,

तुझं कार्ड आलं. ‘येणार नाही. कपडे कोणी शिवले?’ ना नमस्कार, ना कशी आहेस. मी ते चष्म्याच्या दुकानात माझ्या काउंटरच्या खणात ठेवलंय, काचा पुसायच्या चिंध्यांखाली. दिवसातून दोनदा काढून वाचते आणि दोन्ही वेळा हसू येतं. गिऱ्हाइकाला समोर बसवलेलं असतं, डोळ्यासमोर काचा बदलत मी विचारत असते, आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं, आणि तो म्हणतो, बाई, हसताय का.

कपडे भाड्यानं आणले. सांगायला लाज वाटते, पण तू गेल्यापासून मंडळीत कोणी मापं घेत नाही. बायकोचा कोट चार बोटं सैल आहे. बायकोचं काम थोरली करते. थोरली तुला आठवत असेल, प्रवेशाआधी लवंग चघळणारी. ती पाठीमागून चिमटे लावून कोट आवळते आणि अख्खा पहिला अंक प्रेक्षकांना पाठ दाखवत नाही. समीक्षकानं लिहिलं, की तिच्या हालचालींत एक सावध ताठरपणा आहे. आहेच तर.

नाटक चालतंय. लोक येतात, जोड्या-जोड्यांनी येतात, आणि जाताना एकमेकांशी बोलत नाहीत. मध्यंतरात एका गृहस्थांनी बायकोला हळूच विचारलं, “तुला काय वाटतं?” ती म्हणाली, “आधी चहा आणा.” मला ती बाई फार आवडली.

पहिल्या अंकाच्या शेवटी ते ठरवण्याचा प्रवेश आहे. नवरा विचारतो, बायको उत्तर देते. टाचणी, ती दोन पानं बोलते! माणसाच्या मनात किती खोल्या असतात, प्रेम वाटल्यानं कमी कसं होत नाही, मालकी म्हणजे काय, मोकळीक म्हणजे काय. थोरली ते झकास म्हणते, मधे एक लांब थांबा घेते, तिथं मी संहितेत पेन्सिलीनं दोन रेघा मारून ठेवल्यात, चुकून पुढचं वाक्य दिलं जाऊ नये म्हणून. आमच्याकडे ते कसं झालं, मी तुला कधी सांगितलं नव्हतं. मी फ्रीज पुसत होते. खालचा भाजीचा कप्पा काढून ठेवलेला. तो मागे येऊन उभा राहिला, कागदावर मुद्दे लिहून आणले होते त्यानं, ते वाचून दाखवले, आणि म्हणाला, “चालेल ना तुला?” मी म्हटलं, “चालेल.” आणि कप्पा परत बसवला. झालं. दोन पानं बोलले असते तर निदान मला तरी कळलं असतं की मला काय वाटतंय.

तुझ्याविषयी मात्र त्यानं वाईट लिहिलेलं नाही, हे सांगायला हवं. तिसरी येते, घरात हसू येतं, वार ठरतात, वारांवरून भांडणं होतात, आणि शेवटी ती बॅग उचलून दाराशी जाते, वळते, हसते आणि म्हणते, “सुखानं आले होते, सुखानं जाते. दार उघडं ठेवा, दुसरं कोणी येईल.” टाळी पडते. दर प्रयोगाला पडते. तिसरीचं काम करणारी मुलगी नवी आहे, तीसेक वर्षांची. ती टाळी संपेपर्यंत कडीवर हात ठेवून थांबायला आता शिकली आहे. ते वाक्य त्याला कुठून सुचलं कोण जाणे.

नणंद येऊन गेली प्रयोगाला. मेकअप रूममध्ये माझा हात धरून म्हणाली, “वहिनी, हे सगळं तो कल्पनेनंच लिहितो ना गं?” मी म्हटलं, तुमचा भाऊ आहे, विचारा त्याला. मग म्हणाली, “तुमच्याकडे ती शिवणारी मुलगी भाड्यानं राहायची, तिला दाखवायला हवं होतं. गुणी होती. माझा परकर एका बैठकीत शिवून दिला होता.” मी म्हटलं, हो, गुणी होती.

तुझं मशीन जिथं होतं, त्या बोळात त्यानं पुस्तकांचं कपाट ठेवलंय. पुस्तकं काही आवाज करत नाहीत. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली असेल असं वाटलं नव्हतं.

ताई


गुरुवार, १६ ऑक्टोबर

टाचणी,

दौरा ठरला. सहा गावं, चौथं तुझं. शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसहा. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी जी पिवळी भिंत आहे असं बटणवाला सांगतो, तिच्यावरच जाहिरात लागेल. तुला न दिसण्याचा प्रश्न नाही.

सकाळपासून हे तिसरं पत्र. पहिल्यात लिहिलं, की त्या शनिवारी तू भावाकडे जा, त्याची मुलं तुझी वाट बघत असतील. मग आठवलं, तुझं आणि भावाचं बोलणं नाही, आणि ते आमच्या घरात राहिलीस म्हणूनच बंद झालं. फाडलं. दुसऱ्यात लिहिलं, की तिकिटं संपली आहेत. पाच आठवडे आधी. तेही फाडलं. दुकानाच्या मालकांनी विचारलं, “बाई, आज केराची टोपली का भरली?” मी म्हटलं, हिशेब जमत नाही.

तर एक खरी गोष्ट लिहिते. त्याला वाटतं, तू आपण होऊन गेलीस. मीच त्याला तसं सांगितलं, त्याला लागू नये म्हणून.

आता तू वाचता वाचता थांबली असशील. त्यानंच तुला जायला सांगितलं असेल, तर तू आपण होऊन गेलीस असं त्याला कसं वाटेल? नाही जुळत. मी हे चार प्रकारे लिहून बघितलं, चारही प्रकारे जुळत नाही. उभा जन्म दुसऱ्यांची वाक्यं सांभाळण्यात गेला, आणि स्वतःचं एक खोटं धड उभं करता येत नाही.

त्यानं तुला जायला सांगितलं नव्हतं. त्याला काही माहीतच नव्हतं. तो त्या आठवड्यात बाहेरगावी प्रयोगांना गेला होता. मी तुला सांगितलं, की तो जाताना मला बजावून गेलाय, तो परत यायच्या आत तू निघावंस, त्याला तुझ्या तोंडावर बोलवत नाही. तू गेलीस. तो आला तेव्हा त्याला सांगितलं, की तू हसत गेलीस, आणि शोधू नका म्हणालीस. त्यानं विचारलं, “आणखी काही म्हणाली?” तो बॅग हातात घेऊन तसाच उभा होता. काहीतरी द्यायला हवं होतं त्याला. मी म्हटलं, “म्हणाली, सुखानं आले होते, सुखानं जाते.”

ती टाळी पडते ना, ती माझ्या त्या वाक्याला पडते. प्रत्येक प्रयोगाला. आणि मी विंगेत स्टुलावर बसून ते वाक्य पुढ्यात छापलेलं बघते, कोणी विसरलं तर पुरवायला. देव आहे की नाही मला माहीत नाही, पण असलाच तर थट्टेखोर आहे.

तू माझ्यावर लगेच विश्वास ठेवलास, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता नाही वाटत. त्या घरात ते तसंच चालायचं. घरमालकाला ‘नाही’ सांगायचं असलं की मी सांगायची. नटाला काढायचं असलं की निरोप माझ्याकडून. सासूबाई आजारी असताना डॉक्टर काय म्हणाले, हेही त्यांना मीच सांगितलं आणि तो खाली फळं आणायला गेला होता. त्याची सगळी अवघड वाक्यं माझ्या तोंडून बाहेर पडायची. तुला कसं कळणार, की त्यातलं एक त्याचं नव्हतं?

का केलं, असं विचारशील. मत्सर, म्हण. सोपं पडेल. बुधवार-शनिवार तो तुझ्या खोलीत असायचा, तेव्हा मी खरं तर पाय पसरून निवांत झोपायची. ते काही खोटं नव्हतं. पण मत्सरच म्हण, मला आज यापेक्षा खोल जायचं त्राण नाही.

बावीसला यायचं असेल तर ये. मी अडवत नाही. त्याच्या आत मी त्याला सांगेन. सांगेन म्हणजे सांगेन.

ताई


मंगळवार, ११ नोव्हेंबर

टाचणी,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असंही नाही.

मी त्याला आपण होऊन सांगितलं नाही. चोवीस दिवस. रोज सकाळी ठरवायची, की आज, आणि रोज काहीतरी निघायचं. त्याचा घसा धरला, दौऱ्याचा ट्रक मिळेना, थोरलीचा दात दुखायला लागला. एकदा तर बोलायला तोंड उघडलं आणि म्हटलं, “साखर संपली आहे.” पण आता त्याला कळलंय. कसं कळलं तेच लिहिते, कारण ते तुझ्याच एका वाक्यानं कळलं.

परवा रविवारी दुपारी साडेतीनचा प्रयोग होता. नव्या मुलीला दोन दिवस ताप होता, गोळ्या घेऊन उभी राहिली. तीन अंक निभावले. शेवटच्या प्रवेशात बॅग उचलली, दाराशी गेली, वळली, हसली, आणि पाटी कोरी. नट वाक्य विसरला की आधी त्याचे हात थांबतात आणि मग नजर विंगेकडे येते. आली. मी तयारच होते. तुला माहीत आहे, मी दोन शब्दांपेक्षा जास्त कधी देत नाही, बाकीचं नट आपलं आपण उचलतो. मी दोन शब्द दिले, “त्यांनी स्वतः.” ती नुसती बघत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग सगळं वाक्य दिलं, जरा चढ्या आवाजात. आणि देऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मांडीवरची संहिता मिटलेली आहे.

नट बिचारे विंगेतून येईल ते बोलतात. भर समुद्रात आहेत, समोर फळी आली की धरतात. तिनं थोरलीकडे बघितलं आणि म्हणाली, “त्यांनी स्वतः सांगितलं असतं, तर मी भांडले असते. तुमच्याशी कसं भांडू, ताई?”

तू दारात म्हणाली होतीस. एक चप्पल पायात, एक हातात. तू जिना उतरलीस, तुझ्या बॅगेचं चाक प्रत्येक पायरीवर आपटत गेलं, आणि मी आत जाऊन तुझ्या खोलीतली चादर काढून धुवायला टाकली. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या डोक्यात आहे. नाटकातलं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे असं मंडळी म्हणतात. मला वाटतं, त्या जागी मला तुझंच पाठ होतं.

थोरलीला पुढे खळखळून हसून “येत जा” म्हणायचं असतं. तिला म्हणता येईना. ती खुर्चीत बसली. मुलगी निघून गेली, दार लागलं, आणि दिवेवाल्यानं स्वतःच्या अकलेनं हळूहळू अंधार केला. टाळी पडली नाही. कोणीतरी खोकलं. मग लोक सावकाश उठले. त्या नाटकात कोणी कोणाला ताई म्हणत नाही, टाचणी. सगळी एकमेकांना बरोबरीनं अरे-तुरे करतात, त्याला ते आधुनिक वाटतं. तो शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा असतो, हे तुला ठाऊक आहे. तो ‘ताई’ तिथपर्यंत पोचला.

मेकअप रूम रिकामी व्हायची वाट बघून तो आत आला. मी भाड्याचे कपडे घडी करत होते.

“ते वाक्य कुणाचं?”

“तिचं.”

“कुठल्या तिचं?”

“टाचणीचं.”

तो स्टुलावर बसला. “त्यांनी स्वतः सांगितलं असतं म्हणजे? मी काय सांगणार होतो?”

मग मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कोटाची घडी घालत. तुला सांगितलं ते, त्याला सांगितलं ते, दोन्ही. वाटलं होतं, सांगताना छाती फुटेल. तसं काही झालं नाही. थकलेल्या माणसाला छाती फुटण्याइतकाही जोर नसतो. त्यानं समोरचा क्रीमचा डबा उचलला, झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. पहिला प्रश्न त्यानं काय विचारला असेल?

“ती हसली नव्हती?”

“नाही.”

“मग ते सुखानं आले, सुखानं जाते?”

“ते माझं.”

“चांगलं आहे,” तो म्हणाला. सवयीनं. मग डबा खाली ठेवून रडला. त्याला नावं ठेवायला माझी जीभ सैल आहे, पण हेही लिहायला हवं, तो खरंच रडला. म्हणाला, “दोन वर्षं मला वाटत होतं, माझ्यातच काही कमी पडलं म्हणून ती गेली.” मला त्याचे केस दिसत होते, मधे विरळ झालेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्याविषयी काय वाटावं ते कळलं नाही, कारण ते ठरवून द्यायला तो नेहमी भानावर असायचा.

मग त्यानं रुमालानं तोंड पुसलं, माझ्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून घेतली, संहितेचं शेवटचं पान उघडलं, आणि ‘सुखानं आले होते’वर आडवी रेघ मारून वर तुझं वाक्य लिहिलं. एक शब्द न चुकता. एकदाच ऐकलं होतं त्यानं.

“हे ठेवू,” म्हणाला. “तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे जास्त खरं आहे.”

मी कपडे ट्रंकेत भरले. दुसरं काय करणार होते?

काल सकाळी दुकान उघडायला जायच्या आधी मी चहा टाकला होता. तो टेबलाशी आला, आणि टाचणी, मला तो चेहरा पाठ आहे, काहीतरी माझ्या अंगावर घालायचं असलं की तो आधी कपाचा कान फिरवतो. म्हणाला, “तिची परवानगी घ्यायला हवी. बावीसला तिच्याच गावात आहोत, ती येऊन बसली आणि तिनं तेच ऐकलं, तर बरं दिसणार नाही. तू तिला लिही ना. तुझं ऐकते ती. आणि माझ्याकडून दोन शब्द दिलगिरीचे घाल, तुला ते नीट जमतं.”

मी म्हटलं, “नाही.”

“काय नाही?”

“मी लिहिणार नाही. पत्ता देते. तू लिही.”

“पत्ता आहे तुझ्याकडे?” मग त्याच्या लक्षात आलं असावं, की पत्ता असल्याचा अर्थ काय, पण तो तिकडे गेला नाही. “अगं, पण मी काय लिहू तिला?”

“ते मला काय विचारतोस? लेखक तू आहेस.” आणि मग तोंड उघडलंच होतं, म्हणून पुढचंही बोलून टाकलं. “आणि मला तेव्हाही नको होतं. तू कागद वाचून दाखवलास तेव्हा. मला ते कधीच नको होतं.”

त्यानं कप खाली ठेवला. “मग तेव्हाच ‘नाही’ का म्हणाली नाहीस? मी विचारलं होतं तुला.”

विचारलं होतं, खरंच. त्याचा दोष नाही, निदान सगळा नाही.

तुला मात्र मी एक देणं लागते, ते म्हणजे खरं कारण. मत्सर वगैरे नव्हतं. तू त्या सोमवारी माझ्या बाहीचं माप घेत होतीस, आणि टाचणी तोंडातून काढून विचारलंस, “ताई, तुम्हाला हे सगळं खरंच बरं वाटतं ना?” त्यानं विचारलं ते ‘चालेल ना’. तू ‘बरं वाटतं ना’ विचारलंस. असं मला त्या घरात कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हो गं, छान चाललंय. आणि गुरुवारी तुला घालवलं. तू आणखी एकदा विचारलं असतंस तर मी खरं बोलले असते, आणि मग सगळंच मोडलं असतं, लग्न, मंडळी, सगळं. एवढी भीती वाटली मला तुझी. नाही म्हणायचं होतं त्याला. म्हटलं तुला. आणि तेही त्याच्या नावानं.

माझं चुकलं. तुझं घर गेलं, मंडळी गेली, भाऊ तर आधीच गेला होता. मी चादर धुवायला टाकली. मला तुझी फार आठवण येते, पण ते तुझ्या डोक्यावर टाकायला हे पत्र नाही.

दौऱ्यावर मी जात नाही. प्रॉम्प्टिंगला दुसरी बाई बघितली आहे. ती संहितेतलं तेवढंच देईल. दुकानाच्या मालकांनी वरची खोली दाखवली, खिडकी एकच आहे पण रुंद आहे. महिन्याअखेरीला जाईन. त्याला सांगितलंय. तो म्हणाला, “दौऱ्यानंतर बोलू.” मी म्हटलं, “बोल, पण मी वर असेन.”

तो तुला लिहील बहुतेक. पत्र चांगलं असेल, त्याची पत्रं चांगलीच असतात. वाचून लगेच ‘चालेल’ म्हणू नकोस. ते वाक्य तुझं आहे, तू ते त्याच्यासाठी बोलली नव्हतीस, माझ्यासाठी बोलली होतीस. द्यावंसं वाटलं तर दे. नको असेल तर नाही म्हण. त्याचं कसं होईल, त्याला किती लागेल, याचा विचार करत बसू नकोस. मी बावीस वर्षं तो विचार केला. काल ‘नाही’ म्हणून बघितलं, तर त्याला काहीसुद्धा झालं नाही. चहा संपवला, कप तिथंच ठेवला, आणि जरा आडवा होतो म्हणून आत गेला.